डावा पाय

पाणी कोमट करायचं काम माझ्याकडे.
हार्लन क्रीकच्या चर्चमागे स्वयंपाकघर,
दोन पातेली, टवके उडालेली एनॅमलची घमेली.
मी कोपर बुडवून पाहते,
तान्ह्याच्या अंघोळीला पाहतात तसं.
ओक्लाहोमाची लाल माती
धुतल्या पायांचीही निघते.

बुधवारी मात्र पाय नाहीत, वाद.
पाळक टॅकेट म्हणाले,
नौकेतून उतरलेल्या म्हाताऱ्याला देवानं काय बजावलं?
रक्ताला रक्त. आणि का?
तर माणूस त्याच्या रूपावर घडलाय म्हणूनच.
वनीटा म्हणाली, त्याच्याही आधी
शेतात भावाला मारणारा तो पहिला?
त्याच्या कपाळावर खूण केली देवानं,
कोणी त्याला हात लावू नये म्हणून.
मग सत्तेच्या कमरेची तलवार निघाली,
मग दगड घेतलेले पुरुष, मधोमध ती बाई,
आणि वाकून धुळीत बोटानं काहीतरी लिहिणारा प्रभू.
काय लिहिलं ते कुणालाच ठाऊक नाही,
त्यावर वीस मिनिटं गेली.
कॉफी संपली.
सगळ्यांच्या हातातली तीच ती पानं
दुमडून दुमडून फडक्यासारखी मऊ.

गार्लंड प्रुइट बोलला नाही.
त्याच्या डार्लाला ज्यानं मारलं
त्याची तारीख पुढच्या गुरुवारची.
टोपी गुडघ्यावर ठेवून तो तिची कड फिरवत राहिला.

व्हर्लिन स्ट्राउडही नाही बोलला.
अकरा वर्षं तो तुरुंगातल्या त्या खोलीत होता.
पाच जण असतात तिथे, प्रत्येकाला एकेक अवयव नेमून दिलेला,
म्हणजे अख्खा माणूस कुणाच्याच वाट्याला येत नाही.
व्हर्लिनकडे डावा पाय.
घोट्यावर पट्टा, बक्कल,
दोन बोटं जातील एवढं सैल.
पेकन सोलता सोलता त्याची बायको मला म्हणाली होती,
नातू अनवाणी मांडीवर चढला
की हा उठून गोठ्याकडे जातो.

रविवारी विधी.
पुरुष अलीकडे, पडद्यापलीकडे आम्ही.
निवड नसते. रांगेत जो समोर येईल
त्याचे पाय आपले.

मी पाणी घेऊन आले तेव्हा
व्हर्लिन गुडघ्यांवर होता, समोर बाकावर गार्लंड.
उजवा पाय झाला होता. टाचेच्या भेगाही निघाल्या होत्या,
टॉवेलानं बोटांच्या बेचक्या पुसून झाल्या होत्या,
आईनं पुसाव्यात तशा.
मग डावा.
व्हर्लिनचा हात पुढे गेला,
अंगठा आणि मधलं बोट घोट्याभोवती आपसूक वळलं,
माप घेतल्यासारखं,
आणि चटका बसावा तसा त्यानं हात मागे ओढला.
बाकांवरचं भजन एका शब्दावर अडखळलं,
पुढे गेलं.

गार्लंड वाकला.
हळूच बोलला, पण मी जवळ होते.
"माझं मत बदललेलं नाही, व्हर्लिन.
गुरुवारी काचेपलीकडे मी बसणार आहे.
पण पाणी गार होतंय."

व्हर्लिननं मान वर केली नाही.
पाण्यात त्याचं नाक, हनुवटी,
आणि वर छताचा हलणारा पंखा दिसत होता.

ते ऐकून मी आत पळाले, जणू मलाच सांगितलं होतं.
हातातलं पाणीही तोवर निवलं होतं.
किटलीला चार मिनिटं लागतात.
त्या चार मिनिटांत काय झालं, मला माहीत नाही.
कुणाला विचारलंही नाही कधी.
परत आले तेव्हा
घमेल्याशेजारी व्हर्लिनचं घड्याळ काढून ठेवलेलं होतं,
आणि दोघंही अनवाणी होते.

कोपर बुडवून पाहिलं.
जरा जास्तच कढत होतं.
तरी ओतलं.