मोजदाद

आमच्याकडे मेंढ्या आकड्यांत मोजत नाहीत.
संध्याकाळी कळप समोरून जाऊ द्यायचा
आणि बघायचं, कोण दिसलं नाही.
बांडी आली, कानतुटकी आली,
ती लंगडी, रोज मागे रेंगाळणारी, तीही आली.
मग फाटक लावायचं.

ज्या हिवाळ्यात बर्फावर खपली धरली
आणि गवत डोळ्यांदेखत काचेखाली अडकलं,
त्याची मोजदाद मी केली नाही.
नवऱ्याने केली.
मग तो पुष्कळ दिवस बोलला नाही.
बर्फ वितळल्यावर आम्ही तंबू उतरवला, ट्रकवर लादला
आणि उलानबातरच्या उत्तरेला, टेकडीवर,
जिथे रस्ता संपतो पण वस्ती संपत नाही,
तिथे पुन्हा उभा केला.

मला बसवर कंडक्टरकी मिळाली.
पहाटे कोळशाच्या धुरातून आधी दिवे यायचे, मग बस.
पहिला आठवडा सगळी तोंडं सारखीच.
मग एकेक दिसायला लागलं:
रात्रपाळीची नर्स, दांड्याला टेकून उभ्याउभ्या झोपणारी.
गळ्यात स्केट अडकवलेली पोर.
चौकटीसकट खिडकी घेऊन चढलेला गानझोरिग
(खिडकीचं तिकीट मी फाडलं नाही).
आणि म्हातारे चोइजिल, दर गुरुवारी
कोटात दुधाची बरणी लपवून
शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, लेकीकडे.

एका गुरुवारी मी ड्रायव्हरला म्हटलं, थांब जरा.
"कशाला? चढले की सगळे."
"नाही. एक कमी आहे."
दार उघडं. थंडी आत शिरली, माणसं कुरकुरली,
मग त्यांच्यातलाच कुणी उतरून गल्लीत हाक मारून आला.
चोइजिल आले, घसरत, बरणी सांभाळत,
आणि माझ्यावरच खेकसले:
"मी काय मंत्री आहे, माझ्यासाठी बस थांबवायला?"
चार थांबे जाईपर्यंत बस हसत होती.

पुढे दाराशी यंत्र आलं.
कार्ड टेकवलं की टुंग.
त्याचा हिशोब चोख असतो, खोटं का बोलू,
माझे बेचाळीस कधीकधी एकेचाळीस निघायचे.

आता मी बाजारात लोकरीचे मोजे विकते.
त्याच बसने जाते, मागच्या सीटवरून.
काचेवरचं हिम नखाने खरवडते, टुंग ऐकते.
रात्री शेवटचा थांबा आला
की लगेच उठत नाही.
सगळ्यांना आधी समोरून जाऊ देते.