सातवी टेप

सदरच्या गल्लीत, टायरच्या दुकानावर आमचं लेबल:
एक टेबल, दोन स्पीकर, दीडशे प्रतींची ऐपत.
सत्त्याऐंशीची ती टेप स्वतःलाच चिकटून बसलेली.
मंद आचेवर आठ तास शेकली.
मग सुटी झाली नेल्सनची गिटार
आणि तिच्यामागे, अख्खी बाजूभर, एक घरघर.

ती पुसत बसलो मी. तीन रात्री.

ड्रमवाल्या डोंगरवारांची बायको
कागदावर सही करायला आली,
हेडफोन लावून जरा वेळ गप्प. मग,
"कूलर काऊन काढला, बाप्पा?
पाणी मीच भरत होती त्याच्यात,
दोन गाण्यांच्या मंधात."

आता रेकॉर्डची दुसरी बाजू म्हणजे नुसता तो:
बावीस मिनिटं,
वाळ्याच्या ताटीवरून निथळणारं पाणी,
आणि शेवटाकडे कुठंतरी
बादली टेकवल्याचा आवाज.