मानेचा फोटो, बाजूने

देवगडच्या या खोलीत मी वर्षभर
आंब्यावरून पडलेल्यांची मनगटं बघतो,
ट्रॉलरच्या दोरात सापडलेली बोटं.
लहान मुलं क्वचित. आली की रडतात,
आणि रडताना घेतलेला मानेचा फोटो खोटं बोलतो.

निहाल तांडेल रडत नव्हता.
वय तीन, तापाचा चौथा दिवस,
गळ्यावर कुणीतरी लावलेला आंबेहळदीचा लेप
वाळून भेगाळलेला.
"गालगुंड म्हणतत सगळे," त्याची आई म्हणाली,
"पण परवापासून पेजय गिळणा नाय."
लाळ तिच्या खांद्यावर, ओढणीवर,
कोळंबी सोलून पांढऱ्या पडलेल्या बोटांवर.
तो काहीतरी बोलला,
तोंडात गरम भाताचा घास धरल्यासारखं.

मी म्हटलं, बाळा, वर बघ, पंखा बघ.
त्याने नुसते डोळे वर नेले.
दारात मांजर आलं,
तर अख्खा वळला, कमरेपासून,
डोक्यावर भरली कळशी असल्यासारखा.

डॉक्टर मुल्लांनी जिभेवर चमचा दाबला नाही.
"बसूनच राहू दे. आडवा करू नका."
आईच्या मांडीवर, हनुवटी जमेल तेवढी वर,
मी बटणावर बोट ठेवून त्याच्या श्वासाची वाट पाहिली.
बाहेर नको. आत घेईल तेव्हा.
आत.

मणक्याच्या पुढे एक पट्टी दिसते,
सुरीच्या पात्याएवढी. कुणी तिच्याकडे बघत नाही.
याची मणक्याहून जाड होती.
तिथे, घशाच्या मागे, पू साठत होता,
आणि श्वासाची वाट पुढे ढकलली गेली होती,
भरतीने होडी जेटीवर दाबावी तशी.

हाताला सुई, बाटलीतून अँटिबायोटिक,
आणि गगनबावड्याच्या घाटाने कोल्हापूर, सायरन न लावता.
घाबरला तर रडेल, रडला तर
डॉक्टरांनी वाक्य पुरं केलं नाही,
मागे चढून त्याच्याजवळ बसले.

रात्री साडेअकराला फोन:
भूल देऊन, तोंडातूनच चीर घेतली.
तीन चमचे पू.
मी घरी जाऊन जेवलो, मग पुन्हा जेवलो.

अठराव्या दिवशी त्याची आई आली, डब्यात सुकटीची चटणी.
निहाल न सांगता टेबलावर बसला,
मान मागे टाकून वर बघत राहिला, बराच वेळ,
आणि इथे कुणीच न विचारलेलं विचारलं:
"ह्यो पंखो फिरणा कित्याक नाय?"

बिघडलाय रे, म्हटलं.
दोन वर्षं झाली.