अठ्ठावीस दिवसांची सुई

कितगुमच्या शाळेत आम्ही खिडक्यांवर चादरी टाकल्या.
अंधारात पडदा नीट दिसतो.
मुली रांगेत, गळ्याशी बटणं सोडून,
छातीवर गार जेल लागलं की
हसण्याची उकळी थेट व्हरांड्यापर्यंत.
पडद्यावर झडप उघडायची, मिटायची,
उघडायची, मिटायची.
काहींची मिटायची, पण पुरती नाही.
फटीतून मागे निसटायची
एक निळी फुंकर.
कधीतरी घसा दुखला असेल, ताप आला असेल, गेला असेल.
कोण लक्षात ठेवतं?

आपियो आणि आचेन.
आधी आली ती आपियो, मागून आली ती आचेन;
आमच्याकडे जुळ्यांसाठी नावं शोधावी लागत नाहीत.
दोघींच्या झडपेत तीच फट,
जणू तीही वाटून घेतली होती, खाऊसारखी.

त्यांच्या आईला सगळे मिन रुतच म्हणतात, जुळ्यांची आई.
तिला बाकावर बसवून मी सांगितलं:
फट एवढी लहान असताना सुईने फायदा होतो का,
खरं विचारशील तर आम्हाला ठाऊक नाही.
म्हणून निम्म्या मुलांना दर अठ्ठावीस दिवसांनी सुई,
निम्म्यांवर नुसती नजर.
कुणाला काय, ते मी ठरवत नाही,
कंपालाचे डॉक्टर न्सेरेकोही ठरवत नाहीत.
बंद पाकीट ठरवतं.
तिने अंगठा उठवला. पाकिटं फोडली.
आपियोला सुई.
आचेनला नजर.

ती म्हणाली, "एका सुईतलं अर्धं अर्धं दे."
मी म्हणाले, तसं नसतं.
ती म्हणाली, "मग दोघींना नको."
मी म्हणाले, तोही तुझा हक्क आहे.
ती बाहेर आंब्याखाली जाऊन उभी राहिली, बराच वेळ.
परत आली. "बरं," म्हणाली.
त्या 'बरं'साठी माझ्या कागदावर रकाना नव्हता.

औषध पेजेसारखं दाट, हळूहळू ढकलावं लागतं.
सुई झाली की पोर सायकलच्या कॅरियरवर बसत नसे,
उभ्यानेच मामाच्या खांद्याला धरून घरी जायची.
सात महिने मी बरोबरची खूण केली.
सात.
आठव्या महिन्यात सहज विचारलं,
मागच्या वेळी कुठल्या बाजूला टोचलं गं?
तिने दाराकडे पाहिलं.
दारात बहीण उभी, नखं खात.

एक महिना तू, एक महिना मी.
कुणी शिकवलं? कुणीच नाही.
आपियोला दुखणं वाटून टाकायचं होतं,
आचेनला औषध हवं होतं.
अदलाबदल एकच, कारणं दोन,
आणि एकमेकींना त्यांनी ती सांगितलीही नव्हती.

मी फॉर्म भरला. नियमभंग, तारीख, सही.
फोनवर डॉक्टर न्सेरेको इतके गप्प,
की मला वाटलं लाइन गेली.
मग म्हणाले, मोजताना त्या पाकिटाप्रमाणेच राहतील:
आपियो सुईच्या बाजूला, आचेन नजरेच्या बाजूला,
अंगात काहीही गेलेलं असो.
मला ते आधी खोटं वाटलं.
रात्री भांडी घासताना वाटलं,
आम्ही औषध कुठे मोजतोय?
आम्ही मोजतोय ते देऊ केलेलं,
आणि माणसं त्याचं जे काय करतात ते.
सकाळी पुन्हा खोटं वाटलं.

तेव्हापासून मी दात बघते.
आचेनचा पुढचा एक तुटका आहे.
आठ महिने तो माझ्यासमोर हसत होता.

आज दोन वर्षं झाली. पुन्हा चादरी, पुन्हा अंधार.
मी फक्त चित्रं काढते. ती नावं झाकून दूर जातात,
फट वाढली की मिटली, ते तिकडचे डोळे सांगतील.
टेबलावर एक येऊन झोपली.
नाव?
"आपियो."
तोंड उघड.
दात अख्खा. मी लिहिलं.
जेल लावलं, गारच होतं.
ती हसली नाही, श्वास धरून पडून राहिली.
बाहेर व्हरांड्यात
दुसरी हसली.