इतिवृत्त

दर महिन्याच्या पाच तारखेला सभा.
सूचनेत वेळ अकराची, सुरू होते साडेबाराला,
कारण डॉक्टरसाहेब तालुक्याच्या सभेत असतात
आणि तालुका जिल्ह्याच्या.
मी कनिष्ठ सहायक. रजिस्टर माझ्याकडे.
खुर्च्या सोळा, आशा बावीस,
सहाजणी खिडकीच्या कठड्याला टेकून,
कापसाची वेचणी बुडवून आलेल्या.

विषय क्रमांक एक:
मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.
मी वाचतो. कोणी ऐकत नाही. कायम होतं.
दोन: उद्दिष्ट व साध्य, टक्क्यांत.
भिंतीचे पोपडे उडालेत तिथं आकडे वाकडे दिसतात.
तीन ते आठ: फवारणी, लसीकरण, ऑनलाइन नोंदी,
आणि जिच्या गावात टॉवर नाही
तिनं टेकडीवर का चढू नये, यावर पाऊण तास.
नऊ: अध्यक्षांच्या परवानगीने ऐन वेळी येणारे विषय.

ती ऐन वेळ कधी येत नाही.
साडेतीनला पांढरकवड्याची गाडी येते,
फाट्यावर दोन मिनिटं थांबते,
आणि घोडदरा पोडाची इंदू टेकाम
पिशवी उचलते.

सात महिने पाहिलं मी तिला.
हात वर, अर्धाच. मग खाली.
निमसरकर मॅडम म्हणायच्या, शेवटी घेऊ ना तुझं.
जुलैत तर तिचं पोड पडद्यावर झळकलं:
कमी वजनाची बाळं, शून्य.
टाळ्या झाल्या. गुलाब शिपायानं पहिला चहा तिला दिला.
टाळ्यांत ती काहीतरी बोलली.
मी लिहिलं, श्रीमती टेकाम यांचे अभिनंदन करण्यात आले.

नोव्हेंबरची विषयपत्रिका टाइप करताना
वीज गेली आणि आली. फाइल उडाली.
पुन्हा बसलो, तर नऊचा एक झाला.
मी केला की बोटांनी,
चौकशी लागली तर सांगता येणार नाही.

"हे उलटं कसं?" साहेबांनी विचारलं.
"लाइन गेली होती जी."
"बरं. बोला मग, कोणाचं काय?"

इंदू उठली. बोलली नाही.
पिशवीतून मिठाचा पुडा काढला,
एक किलोचा, न फोडलेला.
मग बाळं तोलायचा काटा.
पुडा झोळीत ठेवून मॅडमच्या हाती दिला.
एक किलो तीनशे.

"रिकामा असला का शून्य दाखोते," ती म्हणाली,
"काही ठेवलं का उडी मारते.
दोन पुडे ठेवून पाह्यले, दोन तीनशे.
माह्या पोडात समदे लेकरं
तीनशे ग्राम जास्तीचे होतेत सायेब."

कोणीतरी हसलं. मग हसणं थांबलं.
प्रोजेक्टरचा पंखा तेवढा फिरत राहिला,
तोही साहेबांनी बंद करायला लावला.

एप्रिलपासूनची रजिस्टरं काढली.
मी वजन वाचायचं,
इंदूनं आईचं नाव सांगायचं,
मॅडमनी लाल पेनानं तीनशे वजा करायचे.
दोन सातशे. दोन चारशे.
दोन सहाशे पन्नास. दोन तीनशे पन्नास.
मागं मिठाचा पुडा हातोहात फिरत होता,
ज्या त्या आशेनं आपापला काटा काढलेला.
आणखी दोन खोटे निघाले,
त्यातला एक कमी दाखवणारा.

अकरा नावं अडीच किलोच्या खाली उतरली.
बारावं वाचलं तर इंदू म्हणाली,
"ते नाही आता. पोळ्याच्या आधीच गेलं."
मॅडमनी वजाबाकी तरीही केली,
सावकाश, हातचा घेऊन.

फाट्यावर हॉर्न वाजला.
गाडी दोन मिनिटं थांबली. गेली.
कोणी उठलं नाही. इंदूही नाही.

सर्वानुमते ठरले की काटे बदलून मिळावेत,
उद्या सकाळी जीप पोडावर जावी,
सर्व बाळांची फेरतपासणी व्हावी.
विषय दोन ते नऊ, वेळेअभावी, पुढील सभेत.
जुलैच्या टाळ्या परत घ्यायला
रजिस्टरात रकाना नाही.

सगळे गेल्यावर टेबलावर पुडा राहिला.
"हा कोणाचा जी? कुठं ठेवू?" गुलाबनं विचारलं.
मी जडसंग्रह नोंदवही उघडली
आणि चढवला:
मीठ, एक किलो. नग एक.
स्थिती, चांगली.