डावं वळण

डावीकडे हँडल वळवलं की गाडी बंद.
उजवीकडे चालू.
तीन दिवस मी पाचपावलीहून कामाला
उजव्या वळणांनीच गेलो,
पाच मिनिटांचा रस्ता वीस मिनिटांत.
चौथ्या दिवशी टाकी उतरवली.

हँडलच्या मानेपाशी, जिथं सगळा जुडगा मुरडतो,
पिवळी वायर आतल्या आत तुटलेली.
वरून धडधाकट. आत
तांब्याचा एकच केस टेकलेला,
तोही उजवीकडे वळल्यावरच.

बंडू हेडाऊ फाटकातूनच म्हणाला,
पीळ दे, टेप मार, एवढं काय पाहून राहिला बे?
मी त्याला मागच्या मे महिन्याचा टेप दाखवला.
सत्तेचाळीस डिग्रीत गोंद पाघळला होता,
आता माझ्या बोटांना चिकटत होता,
वायरीला नाही.

इतवारीत शब्बीरभाई रेडिओवाले.
डाग दिल्याशिवाय त्याला जोड म्हणू नये, म्हणाले,
आणि कथलाचा एक थेंब असा बसवून दाखवला
की क्षणभर मला पटलंच.
राळेचा वास. फळीवर चाळीस वर्षांचा रेडिओ, अजून बोलणारा.
पण रेडिओ फळीवर बसून असतो.
माझी गाडी कळमन्याच्या रस्त्यानं जाते.
कथील जिथं संपतं, तिथं तार काडीसारखी होते
आणि थरथरून थरथरून नेमकी तिथंच मोडते.
हे मी बोललो नाही.
त्यांनी चहा सांगितला होता.

तिसरा मार्ग कॉटन मार्केटजवळच्या दुकानात:
तांब्याच्या नळ्या, दहा नगांचे तीस,
आणि त्या दाबायची पकड, साडेआठशे.
साध्या पकडीनं नाही का होणार?
दुकानदार हिशेब करता करता म्हणाला,
दाबल्या जाते. धरल्या जात नाही.

साडेआठशे.
एका वायरीसाठी.
मी घरी येऊन पुन्हा गेलो.

बाबा दारात बसून पाहत होते.
माग विकून अकरा वर्षं झाली,
मागाच्या खड्ड्यात आता सायकल असते.
कशानं जोडतो, हे त्यांनी विचारलंच नाही.
विचारलं, जोड कुठं येऊन राहिला?
तुटलं तिथंच.
तिथं पुन्हा तुटन.

मग ते गप्प, आणि त्यांचा अंगठा
तर्जनीवर आपोआप फिरू लागला.
राखेत बोट बुडवून जुन्या ताण्याला नवा ताणा,
एकेक तार, हजार-बाराशे,
दुपार उतरेपर्यंत.
ढील ठेव थोडी, म्हणाले.
आन् वाकते तिथं सांधा नको.

म्हणजे एकाऐवजी दोन जोड,
मधे वीतभर नवी वायर,
मानेच्या अलीकडे एक, पलीकडे एक.
पिवळी मिळाली नाही. जांभळी होती.

कट्. दुसरा, कट्.
मी ओढून पाहिलं. निघाला नाही.
बाबांनी ओढून पाहिलं, मला न विचारता.
वरची रबरी नळी आवळायला लायटर हवा होता,
तो बंडूकडूनच आणावा लागला.
त्यानं दिला, आणि फार हसला.

संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी
हँडल डावीकडे टेकेपर्यंत वळवलं.
इंजिन चालूच.
तरी मी थांबलो, पुन्हा वळवलं. पुन्हा.
मागचा रिक्षावाला हॉर्न देऊन थकला.

टाकी बसवण्याआधी तिच्या पोटाला
मार्करनं लिहून ठेवलंय,
पुढं कधी जो कोणी ती उतरवेल त्याच्यासाठी,
त्यानं मला शिव्या देऊ नयेत म्हणून:
जांभळी म्हणजे पिवळीच.