आस

चांगुणा वैती, वय त्रेपन्न, राहणार माहूल.
तक्रार : पोटात काहीतरी येतं-जातं.
नाभीखाली उभा जुना व्रण,
अकरा वर्षांपूर्वी पिशवी काढली तेव्हाचा,
आणि त्याच्या मधोमध, ती उभी राहिली की
नारळाएवढा फुगा.
आडवी झाली की नाहीसा.

"भरती-ओहोटी," ती म्हणाली.
मी केसपेपरवर लिहिलं : रिड्यूसिबल.

पाटी किती किलोची?
"काट्याला इचार. मी डोक्याला कधी इचारलं नाय."
साखर दोनशे चाळीस. मिशेरी, दिवसातून चारदा.
मी म्हटलं, दोन्ही उतरवा, मग तारीख देते.
तीन महिन्यांनी आली,
साखर ताब्यात, मिशेरी अर्धी सुटलेली.
अर्धी.
मी तारीख दिली.

सही करण्याआधी तिनं जाळी बघायला मागितली.
नमुन्याचा तुकडा तिनं खिडकीशी धरला,
आरपार पाहिलं, दोन नखांत धागा ताणला.
"आस मोठा हाय. बरा हाय.
बारीक आसाच्या जाल्यात गाळ बसतो."

हेच मी गेल्या आठवड्यात
शिकाऊ डॉक्टरांना सांगत होते चाळीस मिनिटं,
फळ्यावर आकृती काढून, घसा बसेपर्यंत.

"आनि भोकाच्या काठाला बांधू नको गो पोरी.
काठ कुजका असतो.
चार बोटं पलीकडं जा, धडक्या जाल्यात."

टेबलावर ती लहान दिसली.
जुनी शिवण उघडली : कुणीतरी घाईत,
ताणून, काठाला काठ बांधलेला.
धागा अजून निळा, गाठ शाबूत.
मांसच त्यातून सरकून गेलेलं,
शिजल्या सुरमईतून काटा निघावा तसं.

आतडं व्रणाला चिकटलेलं.
सोडवण्यात सव्वा तास गेला.
कुणी बोललं नाही,
भूल देणारे नाडकर्णी एकदा शिंकले तेवढंच.

मग स्नायूंच्या मागची ती जागा,
जी रोज कुणाला लागत नाही,
दोन्हीकडे मोकळी केली
आणि जाळी अंथरली, कुठे घडी नाही,
चहूबाजूंनी चार बोटं पलीकडे.
(मोजली. बोटांनीच.)
वरून बारीक टाके, पाच-पाच मिलिमीटरवर,
जखमेच्या लांबीला चौपट धागा.
ताण कुठेच नको.
ताण तिला घरी मिळणारच होता.

सहाव्या दिवशी नळी काढली.
पाणी साठलं, सिरिंजने दोनदा ओढलं.
एक टाका लाल झाला, मग निवला.
तीन महिने पाटी नाही, मी बजावलं.
सून आहे ना घरी?
"सून ब्यांकेत हाय," ती म्हणाली,
आणि पंख्याकडे बघत राहिली.

सहा महिन्यांनी आली. वर्षाने आली.
दुसऱ्या वर्षी आली नाही.
तक्त्यात तिच्यापुढे लिहायचं होतं : संपर्क तुटला.
शंभरात कितीजणांचं पुन्हा फुटलं
हे परिषदेत सांगताना
अशा माणसांना आम्ही छेदातून वजा करतो.
पहिल्यांदाच तो शब्द मला नीट ऐकू आला.

रकाना मोकळा ठेवून
शनिवारी चेंबूरच्या बाजारात गेले.

बर्फामागे ती, कोयता चालू.
मी अर्धा किलो करंदी मागितली,
मग मागू नये ते मागितलं :
जरा खोका ना.

तिनं कोयता ठेवला, हात कमरेवर,
आणि अख्खी रांग वळेल असं
खोकली.
माझा तळवा तिच्या लुगड्यावर, नाभीखाली.
काही आलं नाही.
पुन्हा, मी म्हटलं.
पुन्हा काही आलं नाही.
दातांवर मिशेरीची काळी रेघ मात्र होती.

तिच्या मागे भरलेली पाटी, ओली,
आजूबाजूला तिसरं माणूस नाही.
ही कोण उचलून आणतं, मी विचारलं.

"करंदी सोलून देऊ, की तशीच?"